यादीतला सातवा शब्द

अमेय, मंगळवारी क्रेमॅटोरियमला दोन टीम आल्या होत्या, आपली आणि तुझी लीड्सची. सगळ्यांनी टाय-शर्टावर जर्सी चढवली होती. आपले एकतीस, त्यांचे सव्वीस. मी मोजले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. तिथे प्रत्येक कुटुंबाला अर्धा तास मिळतो. तुझ्यासाठी एकेचाळीस मिनिटं गेली. बाहेर पुढची मंडळी गाड्यांत बसून होती, तरी तिथल्या माणसाने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

शेवटी गॅरी उठला. बिस्किटांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा, एकशे एकतीस किलोचा आपला गॅरी, जो चार सीझन तुझ्यासमोर उभा राहून तुझ्यावर येणारी माणसं अंगावर घेत होता. तो शवपेटीजवळ गेला, तिच्यावर पंजा ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पोली!"

आपले एकतीसच्या एकतीस जण हसले, आणि मग एकेकाचे खांदे हलायला लागले. लीड्सवाले एकमेकांकडे बघत राहिले. माझ्या मागे आपल्या मराठी मंडळाच्या जोशीकाकू बसल्या होत्या. त्यांनी पुढे वाकून विचारलं, "काय म्हणाला हो तो?"

"पोळी म्हणाला."

"पोळी? आत्ता? इथे?"

"हो. सांगतो नंतर."

ते नंतर म्हणजे हे.

मंडळाने वार्तापत्रासाठी तुझ्याबद्दल दोनशे शब्द मागितले होते. ते मी त्याच संध्याकाळी दिले. जन्म, शाळा, नोकरी, खेळ, मागे कोण कोण. एकशे शहाण्णव झाले. त्यात एकही चूक नाही आणि तूही कुठे नाहीस. म्हणून हे दुसरं लिहितोय. हेही त्यांनाच देणार आहे, त्याच लोकांनी वाचावं म्हणून. त्याला कारण आहे.

तू पहिल्यांदा आलास तो गुरुवार आठवतो. रग्बी क्लबचं मागचं मैदान, एका कोपऱ्यात कायम पाणी साचलेलं. अमेरिकन फुटबॉल या देशात कोण खेळतं, हा प्रश्न मला ऑफिसात विचारायचे, मंडळात विचारायचे, घरीही विचारायचे. मी ओहायोत दोन वर्षं शिकलो, तिथे रूममेटने हा खेळ माझ्या डोक्यात भरवला. लग्नानंतर नॉटिंगहॅमला आलो, इथे एक टीम आहे असं कळलं, तेव्हा आकडे टिपायला जाऊ लागलो. पुढे टीमचा अमेरिकन कोच मायदेशी परतला आणि बाकी कुणी हात वर केला नाही. असा मी कोच झालो. बसची वेळापत्रकं आखणारा, पन्नाशीला टेकलेला, एक गुडघा दुखणारा कोच.

तू व्हॅनमधून उतरलास. टपावर तांब्याचे पाइप बांधलेले. गॅरीने नाव विचारलं.

"अमेय."

"मेयो?"

"अ-मे-य."

"मेयो. चिप्सवर घालतात तो?"

"तोच," तू म्हणालास, आणि तुझं नाव तिथे संपलं. मी जवळ येऊन मराठीत विचारलं, "आडनाव काय रे?" तू दचकून माझ्याकडे बघितलंस. "काका, तुम्ही मराठी आहे?"

आहे. 'आहात' नव्हे. मला ते तेव्हाच टोचलं होतं, हे आज लिहून ठेवतो.

तुझ्या आईला मी मंडळात ओळखत होतो. "आमचा अमेय इंजिनियर आहे," असं त्या सांगायच्या आणि कुणी पुढे विचारायच्या आत विषय बदलायच्या. हीटिंग इंजिनियर म्हणजे बॉयलर दुरुस्त करणारा, हे मला तू सांगितलंस. "आई खोटं नाही बोलत, काका. ती फक्त पहिला शब्द खाते." तुझ्याइतकं हात न राखता काम करणारा इंजिनियर मी आमच्या पिढीतही फारसा पाहिलेला नाही. एका जानेवारीत आमचं हीटिंग बंद पडलं, सुनंदा दोन स्वेटर घालून घरात एकटी होती, मी डेपोत अडकलेलो. तू तुझी जेवणाची सुट्टी सोडून आलास, पंचवीस मिनिटांत बॉयलर चालू केलास, आणि तिने हातात दिलेली भाकरी उभ्याउभ्या खाऊन गेलास. मला ती सांगत होती, "अहो, तो सारखा हात धूत होता. म्हणे, काकू, तुमचा टॉवेल काळा होईल." असं तुझ्याबद्दल मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही. तुझ्यासमोर मी फक्त टक्केवारी बोललो.

आता जोशीकाकूंसाठी खेळ थोडक्यात. आपल्या टीमकडे चेंडू असतो तेव्हा तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून चार-पाच आडदांड माणसं त्याला पाडायला धावत येतात. त्याला साधारण तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने ठरवायचं की चेंडू कुणाकडे फेकायचा, की धरून ठेवायचा. कुठली चाल खेळायची ते साइडलाइनवरून कोच सांगतो. बाकी नियम त्र्याऐंशी पानांचे आहेत, ते राहू द्या.

तू क्वार्टरबॅक होतास. आपल्या टीमच्या इतिहासातला सर्वांत चांगला, हे मी आकड्यांवरून सांगतो आणि आकड्यांशिवायही सांगतो.

आणि आपलं भांडण तिथेच होतं. दहा यार्डांच्या आतले तुझे शंभरातले एकाहत्तर पास पोचायचे. वीस यार्डांच्या पुढचे चौतीस. म्हणून मी जवळचे पास सांगायचो, आणि तू मान हलवून मैदानात जायचास आणि लांब फेकायचास. दुसऱ्या सीझनमध्ये तू शेवटच्या मिनिटाला माझी चाल बदलून चाळीस यार्ड फेकलास आणि आपण जिंकलो. सगळे तुझ्या अंगावर पडले होते. तू त्या ढिगातून बाहेर आलास, हेल्मेट काढून माझ्यासमोर उभा राहिलास.

"काका, जिंकलो ना?"

"जिंकलास. चौतीस टक्क्यांवर."

"मग आता पस्तीस करा."

पुढच्या मॅचला मी तुला पहिला अर्धा भाग बाहेर बसवलं. आपण हरलो. परतताना तू बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसलास आणि माझी वही मागितलीस. बराच वेळ पानं उलटलीस. "काका, हा कागद मागच्या वर्षीचं सांगतो," तू म्हणालास. "तो माणूस आत्ता धावतोय." मी म्हणालो, कागद नसेल तर आपण नुसते आशेवर खेळतो. तू म्हणालास, मग डोळे कशाला आहेत. त्यावर माझं उत्तर तयार होतं, तेवढ्यात गॅरीला उलटी झाली आणि बस थांबवावी लागली. ते उत्तर मी तुला कधी दिलं नाही. आता ते फारसं पटतही नाही.

मराठीची कल्पना तुझी. आपण हाताच्या खुणांनी चाली सांगायचो, आणि तिसऱ्या सीझनपर्यंत समोरच्या टीमना त्या पाठ झाल्या होत्या. एका गुरुवारी तू म्हणालास, "काका, आपण सरळ मराठीत ओरडू ना. कोणाला कळणार?"

आपण तुमच्या किचनमध्ये बसून यादी केली. नऊ शब्द. पहिले सहा खाण्याचे, कारण खाण्याचे शब्द तुला पक्के येत होते. भात म्हणजे मधून धाव, पोळी म्हणजे जवळचा पास, लोणचं म्हणजे लांबचा. "लोणचं थोडंच खायचं असतं," मी म्हणालो, आणि तू म्हणालास, "तुम्ही वाढा तर खरं." मग तीन हुकूम उरले. चेंडू फेकायला मी 'फेक' सुचवलं. तू हसत सुटलास. इंग्रजी कानाला ते 'फेक' म्हणजे हूल असं ऐकू येणार, आणि या खेळात हूल देणं ही वेगळीच चाल. मग तू म्हणालास, "सोड. लहानपणी मी पतंग धरून उभा राहायचा, बाबा तिकडून ओरडायचे, सोड! मग मी सोडायचा."

मी लिहिलं. सात: सोड, म्हणजे चेंडू ताबडतोब फेक. आठ: थांब, म्हणजे फेकू नकोस, धरून ठेव. नऊ: पळ. मी ऑफिसात पस्तीस कार्डं छापून प्लॅस्टिकमध्ये घालून आणली.

पुढचे काही महिने आठवले की अजून हसू येतं. गोरी, काळी, टक्कल पडलेली, गोंदवून घेतलेली ती सगळी माणसं मैदानात "बात! बात!" आणि "पोली!" करत होती. गॅरी घरी बायकोला "पल" म्हणायला लागला होता. एका मॅचनंतर समोरचा कोच माझ्याजवळ येऊन आदराने विचारून गेला, तुम्ही सगळे वेल्श का? तू मागून ओरडलास, "हो, साउथ वेल्श! फारच साउथ!" त्या उन्हाळ्यात मी फार सुखी होतो, अमेय. नॉटिंगहॅमच्या चिखलात माझी भाषा एकतीस जण बोलत होते, आणि ती त्यांच्या तोंडी तू घातली होतीस.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सेमीफायनल आली. आपण चार गुणांनी मागे. चाळीस सेकंद शिल्लक, हातात अजून दोन संधी, समोर एकोणीस यार्ड. मी पोळी सांगितली. चेंडू तुझ्या हातात आला, तू डावीकडे बघितलंस, आणि मला साइडलाइनवरून दिसलं की तू ज्याच्याकडे बघतोयस त्याच्या मागून त्यांचा एक खेळाडू सरकतोय. मी ओरडलो. तू फेकलास. त्या खेळाडूने चेंडू मधल्यामध्ये झेलला. संपलं.

तू साइडलाइनला आलास तेव्हा मी म्हणालो, "थांब म्हणून ओरडलो मी! थांब!"

"काका, तुम्ही सोड म्हणाले."

"मी? यादी मी केली आहे, अमेय."

"मला ऐकू आलं. दोनदा. सोड, सोड."

टीम भोवती उभी होती. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात बाकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि तुझ्याकडे बघत होते. तू पूर्वी माझी चाल मोडली होतीस, हे सगळ्यांना माहीत होतं. मग मी इंग्रजीत बोललो, म्हणजे प्रत्येकाला कळावं. मी म्हणालो, त्याचा दोष नाही. त्याचं मराठी कच्चं आहे. त्याला दोन शब्दांतला फरक कळला नाही.

मला वाटलं होतं मी तुला सांभाळून घेतोय. खरंच तसं वाटलं होतं.

तू हेल्मेटचा पट्टा सोडवत होतास, तो हात थांबला. गॅरी म्हणाला, "जाऊ दे, मेयो." तू म्हणालास, "ओके, कोच."

चार वर्षांत तू मला पहिल्यांदा कोच म्हणालास. त्यानंतर जाईपर्यंत माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलला नाहीस. महिन्याभरात लीड्सला नोकरी घेतलीस, तिथल्या टीमला गेलास, आणि मला दोन ओळींचा टेक्स्ट पाठवलास. इंग्रजीत, अगदी शुद्ध, आभारासकट.

इथपर्यंतचं थोडंफार मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण ते मीच सांगितलं. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये जेवणं झाल्यावर मी माईक घेतला आणि सेमीफायनलची गोष्ट रंगवली. ऐंशी माणसं हसली. 'सोड' आणि 'थांब' यांतला फरक न कळल्यामुळे आपली मुलं काय काय गमावतात, असा मी शेवट केला. तुझ्या आई मागच्या टेबलाजवळ उरलेले मोदक डब्यात भरत होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती. मराठी वर्ग चालवणाऱ्या बाईंना गोष्ट इतकी आवडली की दिवाळीच्या वार्तापत्रात त्यांनी तिची वर्गासाठी जाहिरात केली. तुझं नाव नव्हतं, पण नाव लागतं कशाला. वर्गातली मुलं नवाची चौदा झाली.

मॅचची टेप मला दर वेळी आठवड्याभरात मिळायची. आपल्या टीममधल्या किकरची बायको कॅमेरा धरायची. त्या वर्षी ते दोघं लगेच स्पेनला गेले, म्हणून टेप आली ती गणपतीनंतर. मी नेहमीसारखा वही घेऊन बसलो. प्रत्येक मॅच मी टेपवरून पुन्हा मोजतो, हे तुला माहीत होतं. किकरची बायको त्या दिवशी माझ्यापासून चार-पाच फुटांवरच उभी होती. शेवटचे चाळीस सेकंद आले आणि माझा आवाज आला, स्वच्छ.

"सोड, सोड!"

मी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. सात वेळा ऐकलं. थांब कुठेच नव्हतं.

मला काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं. सोड तो नाद. सोड त्याला, दुसरीकडे बघ. माझ्या आईने मला म्हटलेलं, मी सुनंदाला म्हटलेलं, आयुष्यभर घरात ज्या अर्थाने बोललो तेच सोड माझ्या तोंडून निघालं. यादी मी केली, पस्तीस कार्डं मी छापली, आणि ऐन वेळी यादी मी विसरलो. तू विसरला नाहीस. ज्याचं मराठी मी कच्चं म्हणालो त्याने त्या मैदानावर मराठी शब्द ठरल्या अर्थाने ऐकला आणि ठरल्याप्रमाणे चेंडू फेकला.

चूक माझी होती, अमेय. ही ओळ लिहायला मी अठरा महिने लावले.

सुनंदा दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

"अहो, फोन करा त्याला."

"करतो. सीझनचे आकडे पुरे होऊ देत."

"आकडे? आत्ता करा. तो फोन उचलेल."

"त्याला राग आहे."

"असणारच. म्हणून तर करायचा."

मी केला नाही. ऑफिसात एकदा एका बसची रविवारची वेळ चार मिनिटांनी चुकीची छापली गेली होती, तेव्हा मी स्वतः त्रेचाळीस थांब्यांवर जाऊन दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवून आलो होतो. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत असे. मग इथे काय झालं? मी खूप विचार केला. ऐंशी माणसांसमोर हसून सांगितलेली गोष्ट परत घ्यायची लाज होती, हे एक. दुसरं असं की तुझ्याकडून चूक झाली म्हणून तू गेलास, हे मला सोसत होतं. माझ्यामुळे गेलास, हे सोसलं नसतं. आणि मला वाटायचं, वेळ आहे. वेळापत्रकं करणाऱ्या माणसाला असं वाटायला नको होतं.

दिवाळीचं वार्तापत्र आलं तेव्हाही मी गप्प राहिलो. वर्गाच्या बाई मंडळात भेटल्या, "तुमच्या गोष्टीने कमाल केली," म्हणाल्या. मी मान हलवली.

पुढच्या जूनमध्ये आम्ही लीड्सला खेळायला आलो. तू आम्हाला सहज हरवलंस. मी साइडलाइनवरून तुझे पास मोजत होतो, आपल्या टीमचे मोजायचं सोडून. तू लांब फेकत होतास आणि ते पोचत होते. मॅचनंतर सगळे हात मिळवायला रांगेत आले. "गुड गेम, कोच," तू म्हणालास आणि पुढे सरकलास. मग कार पार्कमध्ये मी मुद्दाम रेंगाळलो. तू बॅग टाकायला व्हॅनकडे आलास. आपण दोघंच होतो. तू थांबलास. तू बॅग खाली ठेवलीस, अमेय. ते मला आता दिसतं. तू बॅग खाली ठेवून उभा राहिलास, माणूस बोलणं ऐकायला उभा राहतो तसा.

मी म्हणालो, "वीस यार्डांच्या पुढचे पन्नास टक्के झाले तुझे."

मग हसलास. "काका, अजून मोजता?"

काका म्हणालास. टेपचं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आपल्या बसने हॉर्न दिला, पोरं हाका मारायला लागली, आणि मी म्हणालो, "मोजायला तर लागतंच." तू मान हलवलीस आणि बॅग उचललीस. एवढंच. ते शेवटचं.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी बर्फाने गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर तुझी व्हॅन घसरली. तू एका म्हाताऱ्या बाईंचं हीटिंग सुरू करायला चालला होतास. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

काल तुझ्या घरी गेलो. हे छापायचं तर आधी तुझ्या आईबाबांना विचारायला हवं होतं. बाबा वरच्या खोलीत होते, ते अजून कुणाशी बोलत नाहीत. आईंनी चहा ठेवला. मी टेपचं सांगितलं. बसल्या जागी, सुरुवातीपासून, काही न गाळता. गणपतीच्या माईकचंही. त्या चहा गाळत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही.

मग माझ्यासमोर कप ठेवून म्हणाल्या, "त्याला माहीत होतं, भाऊजी."

"काय?"

"तुम्हाला कळलंय ते. तो म्हणायचा, काकांनी टेप बघितली असणार. ते सगळ्या मॅचची बघतात."

त्या स्वतःचा कप घेऊन समोर बसल्या.

"मी म्हणायची, मग तू विचार ना सरळ. एवढा जीव लावला होतास, विचारायला काय होतंय? तर म्हणे," आणि त्यांनी हुबेहूब तुझ्या आवाजात म्हटलं, "'नको आई. ते स्वतः येऊ दे.'"

ते स्वतः येऊ दे. 'त्यांना' हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती चूक मला टोचली नाही. ती तशीच पुन्हा एकदा ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

"दर रविवारी जेवायला यायचा लीड्सहून," आई म्हणाल्या. "बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचा. मी कधी काही बोलले नाही. तो पण नाही."

मग मी वहीतले तोवर लिहिलेले कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारलं, छापू का. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मधे एकदा हसल्या. पहिला शब्द खाते, तिथे असावं. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून परत दिले.

"छापा. फक्त एक बघा, भाऊजी. आता तो गेला म्हणून त्याचं मराठी फार छान होतं वगैरे लिहू नका. नव्हतं. मला माहितीये ना, माझाच मुलगा. पण त्या दिवशी त्याला बरोबर ऐकू आलं होतं. तेवढं लिहा."

तेवढं लिहिलं आहे.

तुमच्या घरून निघालो तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते. आमच्या घरी पोचलो तेव्हा दोन छप्पन. मधे एक चढ आहे, पादचाऱ्यांच्या सिग्नलचं एक पेलिकन क्रॉसिंग आहे, तिथे मला थांबावंही लागलं. इतक्या वर्षांत तुमच्याकडे नेहमी गाडीने आलो, त्यामुळे कधी मोजलं नव्हतं. चालत अकरा मिनिटं लागतात, अमेय. तू खिडकीत होतास त्या प्रत्येक रविवारी मी घरीच होतो.